नीटपलीकडची दारं

बारावीला बायॉलॉजी घेतलं की नातेवाईकांचा एकच प्रश्न: ‘नीटचा स्कोअर किती?’ एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर वर्षभराची इंटर्नशिप, मग एमडी-एमएसची आणखी तीन. तेवढा दम असेल तर उत्तमच. पण अख्खं इस्पितळ काही डॉक्टरांवर चालत नाही.

डायलिसिसच्या वॉर्डात एकदा तासभर बसून पाहा. टेक्निशियन आधी पेशंटच्या हातावरच्या फिस्चुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेल्या शिरेवर, बोटं टेकवतो. आतली थरथर हाताला लागली की मगच दोन सुया घालतो, एक रक्त मशीनकडे नेणारी, दुसरी शुद्ध झालेलं परत आणणारी. पुढचे चारेक तास बीपी उतरलं, पायात गोळे आले, तर पहिला धावतो तोच. आठवड्यातून दोन-तीनदा तेच पेशंट येतात. त्यांच्या घरची लग्नंसुद्धा त्याला माहीत असतात. माणसांचा कंटाळा असणाऱ्याने इकडे फिरकू नये. त्याला पॅथॉलॉजी लॅब बरी.

नर्सिंगमध्ये बीएस्सी चार वर्षांची, जीएनएम हा डिप्लोमा तीन. जीएनएमला कला शाखेतूनही जाता येतं, हे कित्येकांच्या गावीही नसतं. फार्मसीत डिप्लोमा दोन वर्षांचा, पदवी चार. पदवीला एमएचटी-सीईटी लागते.

फी भरण्याआधी मात्र मान्यता तपासा: नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची. टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट वगैरेंसाठी 2021 साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. ‘शंभर टक्के नोकरी’ छापलेल्या पत्रकावर कौन्सिलचं नाव कुठे दिसतं का, ते आधी शोधा.