पाचोळा न जाळता अंगणाचे पुनरुज्जीवन

गावोगावच्या शाळा, ग्रामपंचायती व कार्यालये यांच्या दारात वड, चिंच, कडुनिंब, आंबा असे जुने वृक्ष उभे असतात. त्यांच्या सावलीचा लाभ सर्वजण घेतात. परंतु सावलीखालची जमीन मात्र बहुधा उपेक्षित राहते. पाचोळ्याचे थर, तुडवून कठीण झालेली माती आणि कोपऱ्यात राखेचे डाग, असे दृश्य अनेक आवारांत आढळते. ‘येथे काही उगवत नाही’ असा समज होऊन अखेर तेथे फरशी घातली जाते. वस्तुतः ही जमीन नापीक नसते. झाडाने मुळांवाटे घेतलेले अन्न पानांच्या रूपाने खाली येते, पण ते जमिनीला परत मिळू दिले जात नाही, हे तिच्या दुरवस्थेचे प्रमुख कारण होय.

जाळण्यातील हानी

पाचोळा जाळल्याने त्यातील कर्ब व बहुतेक नत्र हवेत निघून जाते. उरलेली राख पहिल्याच पावसात वाहून जाते. धुराचा उपद्रव लहान मुलांना व दम्याच्या रुग्णांना विशेष होतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून दंडाची तरतूद केली, ती याच कारणास्तव. फरशी घालणे हाही उपाय नव्हे. वृक्षाची अन्न शोषणारी बारीक मुळे मुख्यतः वरच्या एक-दीड फुटाच्या थरात असतात. त्यांना हवा व पाणी न मिळाल्यास वृक्ष हळूहळू खंगतो.

पाचोळ्याचे खत

पाचोळ्यापासून खत करण्याचे शास्त्र याच देशात विकसित झाले. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी सिद्ध केलेली पद्धत १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी हवा खेळण्यासाठी भिंतीत छिद्रे ठेवलेल्या विटांच्या टाकीची पद्धत रूढ केली. ‘नाडेप’ या नावाने ती सर्वत्र परिचित आहे.

लहान आवारास टाकीची आवश्यकता नाही. सुमारे तीन फूट उंचीचा ढीग पुरेसा होतो. पाचोळ्याचा अर्धा फुटाचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, या क्रमाने ढीग रचावा. सुक्या पानांत कर्ब अधिक व नत्र कमी असते. ही उणीव शेणाने किंवा हिरव्या गवताने भरून निघते. ढीग ओलसर ठेवावा व दर तीन-चार आठवड्यांनी उलथावा. चिंच व कडुनिंब यांची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा व वड यांची जाड पाने आधी चुरून घ्यावीत. फाल्गुनात रचलेल्या ढिगाचे खत साधारणपणे मृगाच्या सुमारास, म्हणजे लागवडीच्या वेळी, हाती येते.

सावलीतील लागवड

दाट सावलीत हिरवळ टिकत नाही. तिच्यावर होणारा खर्च म्हणूनच वाया जातो. विरळ सावलीत हळद, आले, सुरण, अळू व अडुळसा चांगले येतात. ओलसर कोपऱ्यात नेचे शोभतात. खोल खणू नये, मुळांमधील मोकळ्या जागी खत मिसळून लहान आळी करावीत. उरलेला पाचोळा दोन-तीन इंच जाडीने जमिनीवर पसरावा. त्यामुळे ओल टिकते, गांडुळे वाढतात आणि पावसाचे पाणी वाहून न जाता मुरते. मात्र बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, अन्यथा साल कुजण्याचा संभव असतो.

दक्षता

साप-विंचवाची भीती अनाठायी नाही. म्हणून ढीग इमारतीपासून दूर असावा, वाटा स्वच्छ झाडलेल्या असाव्यात आणि पाचोळा हाताने न ओढता दाताळ्याने ओढावा. पानांखाली दडलेले डबे व करवंट्या काढून टाकाव्यात, कारण त्यांत साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते.

या कामास मोठ्या निधीची गरज नाही. खराटा, दाताळे, घमेले, थोडे शेण आणि आठवड्यातून एक तास एवढे साधन पुरेसे आहे. शाळेत हे काम विज्ञानाचा पाठ ठरू शकेल. ग्रामपंचायतीने आपल्या आवारात ते प्रथम करून दाखविल्यास पाचोळा पेटविण्याची सवय घरोघरी सुटण्यास मदत होईल.