माळेगावच्या बाजारातली माणसे

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव हे खंडोबाचे ठाणे. मार्गशीर्ष सरत आला की तेथे भरणारी यात्रा मराठवाड्यातील मोठ्या यात्रांपैकी एक आहे. दर्शनाइतकीच गर्दी जनावरांच्या बाजारात होते. घोडे, गाढवे, उंट तेथे येतात आणि याच मुलखातल्या लाल कंधारी व देवणी जातीचे बैलही. माणसे न्याहाळायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही, कारण या बाजारात जो तो समोरच्याला जोखतच असतो आणि त्यावर त्याचा नफा-तोटा ठरतो.

जनावरांच्या जुन्या बाजारांत सौदा रुमालाखाली करण्याची रीत आहे. दलाल विकणाऱ्याचा हात हाती घेतो, वर उपरणे किंवा रुमाल टाकतो आणि बोटे दाबून भाव सांगतो. धरलेली बोटे शेकड्याची की हजाराची, हे जनावर पाहूनच दोघांना कळते. त्यासाठी बोलावे लागत नाही. मग तोच हात घेणाऱ्याकडे जातो. आकडा झाकण्यामागे रोकडा हिशोब आहे. एका बैलाचा भाव फुटला की शेजारच्या दावणीचा भाव त्याच्याशी बांधला जातो, आणि सौदा मोडलाच तर पुढच्या गिऱ्हाइकाला आधीची मागणी कळता कामा नये. भोवती जमलेल्या बघ्यांना हात दिसत नाहीत, म्हणून ते चेहरे वाचतात. विकणाऱ्याने हात झटकून काढला तर मागणी फारच खाली आली. तो मान हलवतो, पण हात तसाच ठेवतो, तेव्हा सौदा जवळ आलेला असतो. अशा वेळी दलाल त्याला मनगट धरून गर्दीबाहेर नेतो. ठरले की इसार हातावर पडतो आणि पावती फाडायची राहते.

घेणाराही कमी नसतो. मनात भरलेल्या बैलापाशी तो आधी थांबतच नाही. शेजारच्याचे दात बघतो, नावे ठेवतो आणि परतताना सहज विचारल्यासारखे करतो. दात बघण्याला अर्थ आहे. दुधाचे दात असलेला तो आदत, पक्के दोन आले की दुसा, चार आले की चौसा आणि आठही आले की जुळलेला. त्यावरून वय कळते. खोड मात्र कळत नाही, ती चालवून आणि मालकाच्या उत्तरांवरून ताडावी लागते. घोड्यांच्या बाजूला हौशी मंडळी आणि खरे गिऱ्हाईक वेगळे ओळखू येतात. हौशी माणूस घोड्याच्या तोंडाशी उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो. गिऱ्हाईक खूर उचलून पाहते, अंगावरचे भोवरे तपासते आणि रेवाल चाल दाखवायला सांगते. नुकरा, अबलख, पंचकल्याणी ही रंगांची नावे दोघांच्याही तोंडी असतात.

बाजाराबाहेर नजर वेगळ्या कामाला लागते. कासार बाईचा हात नुसता पाहून बांगडी दोन-चार मापाची की दोन-सहा ते ठरवतो आणि बहुधा चुकत नाही. कुस्तीच्या फडावर हलगी कडाडू लागली की पंच अंगयष्टी पाहून जोड लावतात. रेवड्यांवर सुटणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या निकाली कुस्तीपर्यंत हाच क्रम चालतो. जोड चुकली की प्रेक्षक ओरडून पंचांनाच धारेवर धरतात. देवळाकडे भंडाऱ्याने पिवळे झालेले लोक, वाघ्या-मुरळी आणि नवस फेडायला आलेली कुटुंबे दिसतात. दूरच्या गावांचे सोयरे वर्षातून एकदा येथेच भेटत असल्याने उपवर मुलामुलींकडे थोरांचे लक्ष असते. सोयरिकीचा पहिला शब्द अशाच भेटीत निघतो, आणि तोही बैलाच्या भावासारखा चारचौघांत बोलला जात नाही.

रात्री गर्दी तमाशाच्या तंबूंकडे आणि जिल्हा परिषदेच्या लावणी महोत्सवाकडे वळते. तेथे सगळ्यांचे डोळे रंगमंचावर असतात. ज्याला माणसे पाहायची आहेत, त्याने सकाळी बाजारात यावे.