कॅबिनेटचा पंखा : तारा चुकल्यावर दोष कसा शोधावा

प्रस्तावना

बेंगळुरूच्या सदर पात्रप्पा रोडवर, म्हणजेच एसपी रोडवर, संगणकाचे नवे-जुने सुटे भाग मिळतात. तिथून आणलेल्या पंख्यासाठी मदरबोर्डवर जागा उरली नसेल, तर त्याच्या तारा कापून एसएमपीएसच्या मोलेक्स कनेक्टरला जोडण्याचा उपाय सुचतो. जोडताना रंगाला रंग जुळवला, की घोटाळा होतो. तो का होतो आणि त्यानंतर नेमके काय बिघडले आहे हे कसे ओळखायचे, ते या पाठात पाहू.

१. पिनांचा क्रम आणि तारांचे रंग

पंख्याच्या कनेक्टरमधील पिनांचा क्रम ठरलेला असतो :

- पिन १ : ग्राउंड
- पिन २ : १२ व्होल्ट
- पिन ३ : वेगाचा संकेत (टॅको)
- पिन ४ : वेगनियंत्रण (पीडब्ल्यूएम), फक्त चार पिनांच्या पंख्यात

रंग मात्र ठरलेले नाहीत. तीन तारांच्या पंख्यात सहसा काळी, लाल व पिवळी तार असते. तिथे लाल तार १२ व्होल्टची आणि पिवळी टॅकोची. चार तारांच्या पंख्यात सहसा काळी, पिवळी, हिरवी व निळी तार असते आणि तिथे पिवळी तार १२ व्होल्टची. मोलेक्समध्ये पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि मधल्या दोन्ही काळ्या ग्राउंड. काही पंख्यांच्या सर्वच तारा काळ्या असतात.

२. घोटाळा नेमका कोणता?

तीन तारांचा पंखा मोलेक्सला रंग जुळवून जोडला, तर मोटरला १२ ऐवजी ५ व्होल्ट मिळतात. पंखा मंद फिरतो किंवा सुरूच होत नाही. याहून मोठे नुकसान टॅकोच्या तारेवर होते. पंख्यातील एक ट्रान्झिस्टर प्रत्येक फेरीत दोनदा ही तार ग्राउंडला जोडतो. मदरबोर्डवर या तारेला रोधामार्फत व्होल्टेज मिळते, त्यामुळे प्रवाह अगदी कमी राहतो. मोलेक्सवर असा रोध नसतो. १२ व्होल्ट थेट मिळाल्याने प्रवाह एकदम वाढतो आणि ट्रान्झिस्टर जळू शकतो.

३. तपासणीचा क्रम

१. संगणक बंद करून भिंतीवरील प्लग काढा. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका.

२. बदल केलेला पंखा पूर्ण सोडवा. जळका वास, वितळलेले आवरण किंवा उघडी तार दिसते का पाहा. पाते बोटाने फिरवा. ते मोकळे फिरले पाहिजे.

३. पंख्याच्या ग्राउंड व १२ व्होल्टच्या तारांमध्ये मल्टिमीटरने सातत्य तपासा. मीटर सलग वाजला तर पंखा शॉर्ट आहे. तो पुन्हा जोडू नका.

४. या पंख्याशिवाय संगणक सुरू करा. सुरू झाला नाही, तर प्लग काढून काही मिनिटे थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. शॉर्ट झाल्यास एसएमपीएस संरक्षणासाठी स्वतःहून बंद होतो.

५. मदरबोर्डचा हेडर तपासायला चांगला चालणारा दुसरा पंखा लावा आणि बायोसमध्ये वेग पूर्ण ठेवा. चालू बोर्डावर मीटरची टोके पिनांना लावताना दोन पिना जुळून नवा शॉर्ट होण्याचा धोका असतो, म्हणून ही पद्धत बरी.

४. लक्षणांवरून निदान

- चांगला पंखाही हेडरवर फिरत नाही : हेडर जळला असावा. दुसरा हेडर वापरा.
- पंखा फिरतो, पण बायोसमध्ये वेग शून्य दिसतो : टॅकोची तार तुटली किंवा ट्रान्झिस्टर जळला. पंखा हवा देतो, फक्त मोजणी गेली आहे. तो सीपीयूच्या हेडरवर लावू नका. तिथे वेग शून्य दिसल्यास बोर्ड चूक दाखवून थांबू शकतो.
- चार तारांचा पंखा सतत पूर्ण वेगात : चौथी तार सुटली आहे.
- पंखा कायम मंद : १२ च्या जागी ५ व्होल्ट मिळत आहेत.

५. हे तपासणे का आवश्यक?

कॅबिनेटचा पंखा बंद पडला तरी संगणक चालतच राहतो. बेंगळुरूच्या सौम्य हवेत दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. एप्रिलच्या उकाड्यात जड काम सुरू केले, की प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

लक्षात ठेवा : पंख्याच्या बाजूने पिनांची जागा पाहा, एसएमपीएसच्या बाजूने व्होल्टेज मोजा आणि मगच तार जोडा. मोलेक्सवरून पंखा चालवायचा असेल, तर फक्त ग्राउंड आणि १२ व्होल्ट जोडा. उरलेल्या तारांची टोके टेपने झाका.

स्वाध्याय

१. पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल, तर टॅकोच्या तारेवर सेकंदाला किती स्पंद मिळतील? (उत्तर : ४०)

२. चार तारांचा पंखा मोलेक्सला रंग जुळवून जोडल्यास वरील घोटाळा का होत नाही, ते सांगा.