वाकड्या पायांचा गारिंशा

२०१७ च्या मे महिन्यात ब्राझीलमधून एक विचित्र बातमी आली. रिओ दि जानेरोजवळच्या माजे शहरातल्या दफनभूमीत गारिंशाच्या नावाच्या दोन जागा आहेत, पण त्याचे अवशेष नेमके कुठे आहेत हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. ते मध्यंतरी दुसरीकडे हलवले असावेत असं घरच्यांना वाटत होतं, मात्र त्याचा कुठलाही कागद सापडत नव्हता. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो माणूस दोन विश्वचषक जिंकलेला होता. देशाच्या राजधानीत, ब्राझिलियात, अब्जाहून अधिक रेआल खर्चून नव्यानं उभारलेल्या स्टेडियमला त्याचंच नाव आहे.

मोठ्या खेळाडूच्या मृत्यूनंतर त्याचं नाव जपणं सोपं असतं. त्याचं आयुष्य जसं होतं तसं आठवणं अवघड असतं. गारिंशाच्या बाबतीत ब्राझीलनं पहिलं काम जोमानं केलं आणि दुसरं फार उशिरा.

आपल्याकडे ब्राझीलचं फुटबॉल म्हटलं की पेले. १९७७ मध्ये तो कोलकात्याला खेळून गेला आणि त्याचं नाव फुटबॉल न पाहणाऱ्या घरांतही पोचलं. गारिंशा मात्र आपल्याकडे जाणकारांपुरताच राहिला. मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे त्याचं खरं नाव. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी पाऊ ग्रांद या कापडगिरणीच्या गावात त्याचा जन्म झाला. दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले, एक आत आणि एक बाहेर. शिवाय एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. चणीनं लहान म्हणून बहिणीनं त्याला गारिंशा या चिमुकल्या पक्ष्याचं नाव दिलं आणि तेच टिकलं. पोरवयातच तो गिरणीत कामाला लागला. कामात त्याचं लक्ष नसे, पण गिरणीच्या संघाला तो हवा होता. बापाला दारूचं व्यसन होतं आणि गावात काशासा, म्हणजे उसाची दारू, स्वस्त होती. पुढचं बरंच काही इथंच पेरलं गेलं.

१९५३ मध्ये रिओच्या बोताफोगो क्लबात त्याची चाचणी झाली. समोर नील्तोन सांतोस होता, त्या काळचा ब्राझीलचा सर्वोत्तम डावा बचावपटू. या अनोळखी पोरानं त्याच्या पायांमधून चेंडू काढला असं सांगतात. नील्तोननं त्याचा राग धरला नाही. उलट या पोराला आजच्या आज करारबद्ध करा, मला याच्याविरुद्ध खेळायचं नाही, असा आग्रह त्यानं धरला. ही दोस्ती पुढे शवपेटीपर्यंत टिकली.

गारिंशाची चाल एकच होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. उजव्या बगलेला चेंडू घेऊन उभं राहायचं, अंग डावीकडे झुकवायचं आणि उजवीकडून निसटायचं. बचावपटूला तो कुठून जाणार हे माहीत असे, फक्त कधी हे कळत नसे. वाकड्या पायांमुळे त्याच्या अंगाचा तोल कुठे आहे हेच समोरच्याला वाचता येत नसे. डॉक्टरांनी ज्याला व्यंग म्हटलं असतं तेच त्याचं हत्यार झालं.

१९५८ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांत तो बाहेर बसला. संघाच्या मानसशास्त्रज्ञानं त्याला आणि सतरा वर्षांच्या पेलेला खेळवू नका असा अहवाल दिला होता. तिसरा सामना १५ जून रोजी गोटेनबर्गला सोव्हिएत संघाविरुद्ध होता, गोलात लेव याशिन. त्या दिवशी दोघेही उतरले. सुरुवातीलाच गारिंशानं बचाव कापत नेऊन चेंडू पोस्टवर हाणला, पाठोपाठ पेलेचा फटका गोलच्या चौकटीला लागला आणि तिसऱ्या मिनिटाला वावानं गोल केला. फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो यानं ती फुटबॉलमधली सर्वोत्तम तीन मिनिटं ठरवली. अंतिम सामन्यात स्वीडननं आधी गोल केला. वावानं उलट मारलेले दोन्ही गोल गारिंशानं उजवीकडून आणून दिलेल्या चेंडूंवर होते. ब्राझील ५-२ नं जिंकलं, पहिल्यांदाच जगज्जेतं झालं.

१९६२ चा चिलीतला विश्वचषक तर त्याचाच. पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला. इंग्लंडविरुद्ध गारिंशानं दोन गोल केले, उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन. त्या सामन्यात त्याला मैदानाबाहेर काढलं गेलं, तरी अंतिम सामना खेळायची मुभा मिळाली आणि अंगात ताप असताना तो खेळला. एका माणसानं विश्वचषक ओढून नेला असं मॅराडोनाच्या १९८६ बद्दल म्हणतात. माझ्या मते ते आधी गारिंशानं केलं होतं. पेले आणि तो एकत्र खेळले त्यातला एकही सामना ब्राझील हरलं नाही.

आणि याच काळात त्याचे गुडघे झिजत होते. दुखणाऱ्या गुडघ्यांत इंजेक्शनं देऊन त्याला उतरवलं जात होतं, कारण क्लबच्या परदेश दौऱ्यांना पैसा त्याच्या नावावर मिळे. कोऱ्या करारांवर तो सही करत असे. पैशाचं त्याला कळत नव्हतं हे खरं, पण ज्यांना कळत होतं त्यांनी ते त्याच्यासाठी वापरलं नाही. १९६४ मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा उशीर झाला होता. १९६६ मध्ये लिव्हरपूलला हंगेरीकडून ब्राझील ३-१ नं हरलं. ब्राझीलसाठी तो त्याचा शेवटचा सामना आणि त्यानं देशाकडून हरलेला एकमेव.

इथपर्यंतची गोष्ट ब्राझीलला सांगायला आवडते. पुढची जड जाते. पाऊ ग्रांदला त्याची पत्नी नाइर आणि आठ मुली होत्या. त्यांना सोडून तो सांबा गायिका एल्झा सोआरेसबरोबर राहू लागला. एल्झा झोपडपट्टीतून, कमालीच्या दारिद्र्यातून वर आलेली कृष्णवर्णीय स्त्री. सारा दोष लोकांनी तिच्या माथी मारला, तिला घर फोडणारी म्हटलं. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. पुढे काही काळ दोघं रोमला राहिले. ती गाऊन घर चालवत होती, तो पीत होता आणि तिला मारतही होता. १९७७ मध्ये ती वेगळी झाली. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा सांबा मंडळानं त्याला रथावर बसवून मिरवलं. औषधांच्या गुंगीत, शून्य नजरेनं बसलेला गारिंशा देशानं पाहिला आणि मिरवणूक पुढे गेली.

२० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, दारूनं तो गेला. शवपेटी मारकाना स्टेडियममध्ये ठेवली गेली, नंतर अग्निशमन दलाच्या गाडीवरून पाऊ ग्रांदकडे निघाली आणि रस्त्याच्या दुतर्फा लोटलेल्या गर्दीतून वाट काढत गेली. ‘जनतेचा आनंद’ ही त्याची पदवी कबरीवर कोरली गेली. कवी व्हिनिसिउस दि मोराएस यानं त्याला हयातीतच देवदूत केलं होतं. निरागस, पाखरासारखा, जगाचे व्यवहार न कळलेला गारिंशा, हीच प्रतिमा पुढे बारा वर्षं चालली. ती सगळ्यांच्या सोयीची होती. पाखराला करार कळत नाही म्हटलं की क्लब सुटतो, पाखराच्या हातून गुन्हा घडत नाही म्हटलं की मार खाल्लेली बाई खोटी ठरते.

ही प्रतिमा १९९५ मध्ये रुय कास्त्रोनं मोडली. त्यानं लिहिलेल्या चरित्रात खेळाचं वैभव होतं, तसंच व्यसन, इंजेक्शनं आणि उद्ध्वस्त घरही होतं. मुली न्यायालयात गेल्या आणि काही काळ पुस्तक बाजारातून काढून घ्यावं लागलं. मुलींची वेदना मी समजू शकतो. बापाची लक्तरं वेशीवर टांगलेली कुणाला पाहवतील? तरीही कास्त्रोनं गारिंशावर केलेला तो सर्वांत मोठा उपकार आहे असं मला ठामपणे वाटतं. मद्यपाश हा आजार आहे, स्वभाव नव्हे, हे त्या पानांतून स्पष्ट दिसतं. आजाऱ्याला उपचार लागतात आणि त्याच्या घरच्यांना संरक्षण लागतं. गारिंशाच्या वाट्याला टाळ्या आल्या, एल्झाच्या वाट्याला शिव्या.

एल्झा मात्र संपली नाही. दोघांचा मुलगा १९८६ मध्ये अपघातात गेला, त्यानंतरही ती गात राहिली. ऐंशी ओलांडल्यावर, २०१५ मध्ये, तिचा नव्या गाण्यांचा संग्रह आला. त्यातल्या एका गाण्यात हात उगारणाऱ्या पुरुषाला एक बाई सरळ पोलिसांचा धाक घालते. त्याच वेळी गारिंशावरचं आपलं प्रेमही तिनं कधी लपवलं नाही. मार विसरायचा नाही आणि माणूसही विसरायचा नाही, हे तिला जमलं, जे अख्ख्या देशाला जमत नव्हतं.

वेळ काढून १९६२ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्याचं जुनं चित्रण जरूर पाहा. त्या उजव्या बगलेवर जे घडलं तसं पुन्हा फारसं घडलेलं नाही. आणि ते पाहून झालं की एल्झा सोआरेसचं गाणंही ऐका.