विश्लेषण : प्रोसेसरची उष्णता पाणी नेमके कुठे उचलते?

ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर भर कामात २५० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. चिप मात्र टपाल तिकिटाएवढी. उष्णता वेळेत निघाली नाही तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पाण्याने गार होणाऱ्या संगणकात रंगीत नळ्या आणि पंखे नजरेत भरतात. खरी कसोटी असते ती प्रोसेसरवर बसणाऱ्या तांब्याच्या छोट्या ठोकळ्याची, म्हणजे ‘वॉटर ब्लॉक’ची.

पाणी कमी पडते का?

नाही. मिनिटाला एक लिटर पाणी फिरले तरी २५० वॅटने ते जेमतेम साडेतीन अंशांनी तापते. अडचण पाण्याच्या प्रमाणाची नसून स्पर्शाची आहे. पाणी उष्णता भरपूर साठवते, पण स्वतःतून पुढे सरकवण्यात फार मंद. तांबे त्याच्या ६०० पटींहून अधिक सरस. शिवाय धातूला लगटून असलेला पाण्याचा पातळ थर जवळपास हलतच नाही. त्यामुळे नुसत्या पोकळ डबीतून पाणी सोडले, तर मधला प्रवाह उष्णता न घेताच निघून जातो.

मग खाचा किती अरुंद?

म्हणून ब्लॉकच्या तळावर तांब्याची उभी, पातळ पाती कोरतात. खाच अरुंद तितका पाण्याचा थर पातळ आणि पात्यांची संख्या जास्त. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फॅबियन पीझ यांनी १९८१ मध्ये सिलिकॉनमध्येच ५० मायक्रोमीटर रुंदीच्या खाचा कोरल्या आणि दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॅट उष्णता काढून दाखवली.

पण घरगुती पंपाची ताकद बेताची. खाचेची रुंदी निम्मी करून पाण्याचा वेग तोच राखायचा, तर दाब जवळपास चौपट लागतो. तेवढा दाब नसेल तर प्रवाहच मंदावतो आणि अरुंद खाचांचा फायदा पाण्यात जातो. यावरचा तोडगा साधा, पण हुशारीचा आहे : पाणी एका टोकाकडून न सोडता मधोमध, चिपच्या सर्वात तप्त भागावर सोडायचे आणि दोन्ही बाजूंना वाटून द्यायचे. वाट निम्मी, प्रत्येक खाचेतला वेगही निम्मा. साहजिकच दाबाची गरज खूप उतरते.

पाती वाटेल तितकी उंच करूनही चालत नाही; शेंड्यापर्यंत उष्णता पोहोचतच नाही. तळ फार पातळ केला तर स्क्रू आवळताना वाकतो, फार जाड केला तर उष्णतेची वाट लांबते.

बिघडते कुठे?

बहुतेकदा स्वच्छतेत. नव्या रेडिएटरमधला कचरा किंवा शेवाळ या खाचांत अडकते, म्हणून जोडणीपूर्वी रेडिएटर धुवावाच. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवल्यास ॲल्युमिनियम गंजते. स्वस्तात मिळतो म्हणून तसा रेडिएटर घेणे अंगाशी येते.

गरम पाण्यानेही चिप गार?

होय. ब्लॉक उत्तम असेल तर चिप आणि पाणी यांच्या तापमानात फारसे अंतर लागत नाही. झुरिकच्या ‘ईटीएच’ विद्यापीठात आयबीएमने २०१० मध्ये बसवलेला ‘ॲक्वासार’ महासंगणक ६० अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालला. चिप ८५ अंशांखाली ठेवायला तेवढे पुरले. पुण्याच्या ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ महासंगणकातही द्रव थेट चिपपर्यंत नेण्याची पद्धत आहे. ‘ॲक्वासार’मधून बाहेर पडणारे गरम पाणी विद्यापीठाच्या इमारती उबदार ठेवायला वापरले गेले.