रात्रीची वीज स्वस्त, तरी बिल जास्त का? ब्रिटनमध्ये भाड्याने राहणाऱ्यांसाठी ‘इकॉनॉमी ७’चं गणित

पुणे, नाशिक, नागपूरहून शिकायला किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेली मुलं घर बघताना भाडं विचारतात, डिपॉझिट विचारतात, स्टेशन किती लांब आहे तेही विचारतात. विजेचा मीटर कोणता आहे, हे मात्र फार कमी जण विचारतात. मग जानेवारीत बिल येतं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू होते, “दोन माणसांना एवढं बिल?”

अनेकदा यामागे वापर नसतो, दराचा प्रकार असतो. तोच समजून घेऊया.

दोन प्रकारचे दर म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये बहुतेक घरांना साधा, एकच दर असतो. सकाळी सात वाजता चहा करा किंवा रात्री दोन वाजता, युनिटचा भाव तोच.

दुसरा प्रकार ‘इकॉनॉमी ७’. हा १९७८ मध्ये सुरू झाला. यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. कोळसा आणि अणुऊर्जेची केंद्रं रात्री बंद करणं सोपं नसतं, पण तेव्हा मागणी कमी असते. ती वीज वापरली जावी म्हणून रात्रीचा दर उतरवला गेला.

पण उरलेले १७ तास युनिटचा दर साध्या दरापेक्षा जास्त असतो. नवे भाडेकरू फसतात ते इथेच. ‘रात्री स्वस्त’ एवढंच लक्षात राहतं, ‘दिवसा महाग’ हे विसरलं जातं.

याशिवाय ‘स्टँडिंग चार्ज’ असतो, म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलातला ‘स्थिर आकार’. वीज वापरा किंवा नका वापरू, तो रोज लागतो.

मग फायदा कुणाला?

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साधा दर २६ पेन्स. इकॉनॉमी ७ मध्ये दिवसाचा दर ३२ पेन्स आणि रात्रीचा १७ पेन्स.

पहिलं घर: हीटर विजेवर. महिन्याचा वापर ४०० युनिट, त्यातले २४० रात्रीचे. इकॉनॉमी ७ चं बिल होतं ९२ पाउंड. साध्या दराने १०४ पाउंड झालं असतं. फायदा १२ पाउंडांचा.

दुसरं घर: हीटर गॅसवर. महिन्याचा वापर २०० युनिट, त्यातले फक्त ४० रात्रीचे. इकॉनॉमी ७ चं बिल ५८ पाउंड, साध्या दराने ५२ पाउंड. दर महिन्याला ६ पाउंड जास्त जातात, तेही ‘स्वस्त’ योजनेत राहून.

तुमच्या घराचं गणित असं काढा. दिवसाच्या दरातून साधा दर वजा करा. मग दिवसाच्या दरातून रात्रीचा दर वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. वरच्या उदाहरणात ६ भागिले १५, म्हणजे ४० टक्के. एकूण वापरातला ४० टक्क्यांहून जास्त वापर रात्री होत असेल तरच इकॉनॉमी ७ परवडतं. स्थिर आकारात फरक असेल तर तोही धरायला विसरू नका.

घरात काय बघायचं?

भिंतीला लागून जाडजूड, वजनदार हीटर असेल तर तो बहुधा ‘स्टोरेज हीटर’ असतो. त्याच्या आत विटा असतात. त्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर हळूहळू उष्णता सोडतात. सोबत पाण्याची मोठी टाकी असेल आणि तीही रात्री तापत असेल, तर इकॉनॉमी ७ फायद्याचं ठरू शकतं.

पण तो नीट वापरायला हवा. ‘इनपुट’ बटण रात्री किती उष्णता साठवायची ते ठरवतं, ‘आउटपुट’ बटण ती किती वेगाने सोडायची ते. आउटपुट रात्रभर पूर्ण उघडं राहिलं तर उष्णता झोपेतच संपते. मग संध्याकाळी थंडी वाजते, कुणीतरी छोटा फॅन हीटर लावतं आणि तो महागड्या दराने चालतो. पाण्याच्या टाकीवरचं ‘बूस्ट’ बटणही दिवसा दाबलं की तेच होतं.

सात तास नेमके कोणते?

सगळीकडे वेळ एकच नसते. भाग आणि मीटरनुसार ती बदलते. बऱ्याच ठिकाणी साधारण रात्री १२ ते सकाळी ७ अशी असते. अनेक मीटरची घड्याळं उन्हाळ्यात पुढे सरकत नाहीत, त्यामुळे तेव्हा हीच वेळ १ ते ८ होते. नेमकी वेळ वीज कंपनीकडूनच विचारून घ्या.

वॉशिंग मशीन आणि ड्रायर मात्र सगळे झोपलेले असताना चालवू नयेत, असा अग्निशमन दलांचा सल्ला असतो. टायमर लावून पहाटे उठण्याच्या वेळी मशीन चालू करता येतं.

घरमालक नाही म्हणाला तर?

बिल तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही थेट कंपनीला पैसे भरत असाल, तर कंपनी आणि दर निवडण्याचा हक्क तुमचा आहे. ब्रिटनची ऊर्जा नियामक संस्था ‘ऑफजेम’ हेच सांगते. तरीही भाडेकरार वाचा. मीटरच बदलायचा असेल तर मालकाला आधी विचारलेलं बरं, कारण घर सोडताना तो पूर्वीसारखा करून द्यावा लागू शकतो.

काही कंपन्या मीटर न बदलता दोन्ही रीडिंगची बेरीज करून साध्या दराने बिल देतात. म्हणून पहिला फोन कंपनीला करा.

बिल मालक भरत असेल तर निवड त्याची. पण तो युनिटप्रमाणे पैसे घेत असेल, तर त्याला पडलेल्या दरापेक्षा जास्त दर लावता येत नाही.

महाराष्ट्रात उलटं का?

महावितरणच्या स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत लागू झाली. कारण आपल्याकडे दुपारी सौरऊर्जा भरपूर असते. त्यामुळे “मशीन दुपारी लाव” हा घरून मिळणारा सल्ला इकॉनॉमी ७ च्या घरात महाग पडतो.

किल्ली हातात आली की

• पहिल्याच दिवशी मीटरवरच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, तारखेसह.

• दुपारी किटली लावून कोणता आकडा पुढे सरकतो ते बघा. तो दिवसाचा. बिलात दोन्ही आकडे उलटे लागले असतील तर लगेच कळेल.

• महिन्याभराने पुन्हा रीडिंग घ्या, रात्रीचा वाटा काढा आणि वरच्या गणिताशी ताडून बघा.

• एका वर्षाच्या ठरावीक दराची योजना घेण्याआधी, मधेच सोडल्यास शुल्क लागतं का ते विचारा. भाडेकरार सहा महिन्यांचा असेल तर हे नक्की विचारा.

हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत करा. त्यानंतर हीटर रोज चालू होतात आणि चुकीच्या दराचा फटका दर महिन्याला बसत राहतो.