भिंतीवरची रंगपंचमी

दिवाळी आली की घरोघरी रोषणाईच्या गोष्टी निघतात. पूर्वी त्या आकाशकंदील, पणत्या आणि फार तर रंगीत दिव्यांच्या माळा एवढ्यावर संपत. आता त्यांत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. भिंतीला चिकटवायचे, रंग बदलणारे दिव्यांचे फलक! दुकानदार त्यांना स्मार्ट लाइट पॅनेल म्हणतात. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी हट्ट धरला आणि नऊ षट्कोनी फलक आमच्या दिवाणखान्यात दाखल झाले. यंदा ज्या घरात असाच बेत शिजत असेल, तिथल्या मंडळींसाठी चार अनुभवाचे बोल सांगते.

नॅनोलीफ या कॅनडातल्या कंपनीने 2016 साली असे त्रिकोणी फलक बाजारात आणले. पुढे इतरांचेही आले. आतली किमया साधी आहे. तांबडे, हिरवे आणि निळे असे इवले एलईडी दिवे, आणि प्रत्येक रंगाच्या तेजाच्या 256 पायऱ्या. 256 ला 256 ने दोनदा गुणले की 1 कोटी 67 लाखांच्या वर रंग होतात. खोक्यावर छापलेला तो डोळे दिपवणारा आकडा येतो तो इथून. या तिघांत निळा फार हट्टी निघाला. तेजस्वी निळा एलईडी साधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खरेदीला जाताना एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. हा शोभेचा दिवा आहे, वाचायचा नव्हे. खोक्यावर ‘ल्युमेन’चा आकडा असतो, तो पाहावा. आमचा एक फलक सुमारे 100 ल्युमेनचा. म्हणजे नऊ फलक मिळून नऊ वॅटच्या एका साध्या एलईडी बल्बाइतका उजेड! विजेची मात्र धास्ती नको. दर फलकाला दोन वॅट धरले, तरी नऊ फलक रोज चार तास लावून महिन्याला सव्वादोन युनिटांच्या आतच खर्च येतो.

लावण्यापूर्वी वर्तमानपत्राचे फलकाएवढे तुकडे कापून भिंतीवर मांडून पाहावे. नक्षी तर ठरतेच, शिवाय प्लगपर्यंत वायर पोचते की नाही तेही कळते. चुन्याच्या किंवा ओल आलेल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही. भिंत पुसून, वाळवून घ्यावी. आणखी एक मेख आहे. यांतले बरेचसे फलक वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहरच ओळखतात. मोबाइल दुसऱ्या लहरीवर असला, तर जोडणी करताना कधी कधी अडते आणि सारे घर ‘दिवा बिघडला’ म्हणून हळहळते.

पण खरा प्रश्न निराळाच निघाला. भिंत मोकळी दिसावी म्हणून चिरंजीवांनी तिथली ट्यूब उतरवली होती. एका संध्याकाळी आम्ही सारे बाहेर, घरात ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई एकट्या. वीज गेली आणि आली, फलक मात्र विझलेलेच राहिले. दिवे लावणारा मोबाइल नातवाच्या खिशात. फलकांना बोटाने दाबायची बटणे होती, पण ती उंचावर, त्यांच्या हाताबाहेर. आम्ही आलो तेव्हा त्या देवापुढच्या निरांजनाच्या उजेडात बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अगं, दिवेलागणीला दिवा लावायचा, तर आता मी कोणाची परवानगी काढायची?”

ते वाक्य मनाला फार लागले. दुसऱ्याच दिवशी ट्यूब आपल्या जागी परत आली, तिच्या जुन्या खटक्यासकट. बटणांची पट्टी काढून नक्षीतल्या सर्वांत खालच्या फलकाला बसवली. आईंचा हात आता सहज पोचतो. सूर्यास्ताला फलक आपोआप लागावेत अशी वेळ नेमून दिली. वीज परत आल्यावर काय करायचे, हेही काही फलकांना आधीच सांगून ठेवता येते; ती सोय आहे का, हे दुकानातच विचारावे.

रंगांचेही थोडे तारतम्य हवे. रात्री उशिरापर्यंत निळा-पांढरा उजेड असला, की झोप आणणारे मेलाटोनिन शरीरात कमी तयार होते. म्हणून जेवणानंतर आमच्याकडे पिवळसर उजेड असतो, खोक्यावरच्या भाषेत 2700 केल्विनच्या आसपासचा. तेलाच्या दिव्याचा उजेड याहूनही तांबूस, 2000 च्या जवळपास. आपल्या आज्या-पणज्यांच्या संध्याकाळी तशाच उजेडात गेल्या.

तेव्हा हौस जरूर करा. मुलांना रंग निवडू द्या, पाहुण्यांना थक्क होऊ द्या. मात्र पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला एवढेच विचारा, “मोबाइल नसलेल्या माणसाला हा दिवा लावता येतो का?” घरातल्या सर्वांत थकल्या हातालाही जो लावता येतो, तोच घरचा दिवा.